शेजारी शेजारी ॲक्सेस पॉइंट असताना ‘ऑटो चॅनल’वर किती विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन मजल्यांच्या कार्यालयात सहा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी उपकरणं) आहेत आणि सगळे ‘ऑटो’वर, म्हणजे चॅनल आपोआप निवडण्यावर आहेत. आजूबाजूला इतरांची बरीच नेटवर्क दिसतात. दिवसातून अनेकदा चॅनल आपोआप बदलतो आणि नेमका त्याच वेळी व्हिडिओ कॉल तुटतो. ऑटो बंद करून चॅनल हाताने ठरवावेत का? आणि शेजारशेजारचे ॲक्सेस पॉइंट आपसात बोलून हे का ठरवत नाहीत?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर सांगतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ऑटो बंद करा आणि त्या पट्ट्यातले सहापैकी दोन-तीन रेडिओही बंद करा. 5 गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी कमी करा. ऑटोला दिवसभर मोजू द्या, पण चॅनल बदलण्याची मुभा फक्त कामाच्या वेळेबाहेर द्या. यातला रुंदीचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ऑटो चॅनलबद्दलच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: उपलब्ध चॅनल मोजके, मागणी जास्त, आणि त्यातून वाट काढायचं काम अशा यंत्रणेवर टाकलेलं, जिला आजूबाजूचं फार थोडं ऐकू येतं.

आता कारणांकडे वळू. वायफायचं प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनलवर दुसऱ्या वायफायचं प्रिॲम्बल, म्हणजे पॅकेटची ओळखीची सुरुवात, ऐकू आली तर ते थांबतं. 20 मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ही ओळख किमान उणे 82 डीबीएमपर्यंत पटली पाहिजे असं मानक सांगतं (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). प्रत्यक्षात चांगल्या चिप याहून बरेच क्षीण सिग्नलही ओळखतात. पण ओळखीचं काहीच नसेल, नुसती ऊर्जा जाणवत असेल, तर थांबण्याची मर्यादा उणे 62 डीबीएम आहे. म्हणजे 20 डेसिबलचा, शक्तीच्या भाषेत शंभरपटीचा फरक. चॅनल निवडीचा सगळा खेळ या फरकात दडलेला आहे.

दोन ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनलवर असतील तर ते एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण पॅकेट सहसा फुटत नाहीत. एक चॅनल 1 वर आणि दुसरा 3 वर असेल, तर दुसऱ्याचं प्रिॲम्बल पहिल्याला ओळखता येत नाही. सिग्नल उणे 62 च्या खाली असेल तर तो थांबतही नाही, सरळ बोलायला लागतो आणि दोघांची पॅकेट एकमेकांत मिसळून खराब होतात. मग पुन्हा पाठवणी, कमी वेग, अजून लांबलेली पॅकेट आणि अजून टक्कर. म्हणून 2.4 मध्ये 1, 6 आणि 11 सोडून इतर चॅनलला हात लावू नये, या सल्ल्यावर मी ठाम आहे. चॅनल 3 चा 20 मेगाहर्ट्झचा पट्टा 2412 ते 2432 मेगाहर्ट्झ. तो चॅनल 1 च्या वरच्या अर्ध्या भागावर बसतो आणि चॅनल 6 च्या खालच्या कडेलाही घुसतो. ‘तिथे कोणीच दिसत नाही’ म्हणून 3 निवडणारा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही तितकाच त्रास भोगतो.

जिथे 13 चॅनल वापरायला परवानगी आहे तिथे काही जण 1, 5, 9, 13 अशी चौकडी सुचवतात. कागदावर ती बसते, कारण केंद्रांमध्ये बरोबर 20 मेगाहर्ट्झचं अंतर राहतं. पण आसपासचे सगळे 1, 6, 11 वर असतील तर तुमचे 5 आणि 9 त्यांच्या 6 वर तिरके पडतात. शिवाय काही उपकरणांना 12 आणि 13 दिसतच नाहीत. आजूबाजूची सगळी जागा तुमच्याच ताब्यात असेल तरच हा विचार करावा.

ॲक्सेस पॉइंट चॅनल निवडतो तेव्हा नेमकं काय मोजतो, हे इथे तपशिलात पाहायला हवं. सगळ्यांत साध्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या सॉफ्टवेअरमध्ये, तो फक्त आजूबाजूचे बीकन (नेटवर्क आपलं नाव सांगायला सतत पाठवतं ती छोटी पॅकेट) मोजतो: चॅनल 1 वर सात नेटवर्क, 6 वर चार, 11 वर दोन, म्हणून 11 बरा. हे माप फसवं आहे. दोन नेटवर्कपैकी एकावर दिवसभर मोठ्या फायली जात असतील तर ते एकटंच अर्धा एअरटाइम, म्हणजे चॅनलवर बोलण्याचा वेळ, खाऊन टाकतं. उलट सात नेटवर्क जवळजवळ रिकामी असू शकतात.

अर्थात रिकामं नेटवर्कही फुकट नसतं. प्रत्येक नेटवर्क साधारण दर 102.4 मिलिसेकंदाला एक बीकन पाठवतं. सुमारे 300 बाइटचा बीकन 1 एमबीपीएसने गेला तर त्याला 2.6 मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नावामागे अडीच टक्के एअरटाइम. एका चॅनलवर ऐकू येणाऱ्या दहा ॲक्सेस पॉइंटनी प्रत्येकी तीन नावं प्रसारित केली, तर कोणी एक अक्षरही डाउनलोड न करता चॅनलचा तीन चतुर्थांश वेळ संपतो. तोच बीकन 6 एमबीपीएसने पाठवला तर प्रत्येकाला अर्धा टक्कासुद्धा लागत नाही. जुने 1, 2, 5.5 आणि 11 एमबीपीएसचे दर बंद करा आणि नेटवर्कची नावं कमी करा, हा आग्रह याच हिशेबातून येतो. फक्त त्याआधी एखादं फार जुनं उपकरण त्याच दरांवर अवलंबून नाही ना, हे तपासून घ्या.

बरी फर्मवेअर चॅनल किती वेळ व्यस्त आहे ते मोजतात. ॲक्सेस पॉइंट चालवणाऱ्या हॉस्टएपीडी या मुक्तस्रोत प्रोग्राममधली पद्धत उघडी आहे, त्यामुळे तिच्या आधाराने समजावता येईल. चॅनलचा आकडा 0 ठेवला की तो प्रत्येक परवानगी असलेल्या चॅनलवर फेऱ्या मारतो. डीफॉल्टने अशा पाच फेऱ्या होतात. प्रत्येक चॅनलसाठी तो चॅनल व्यस्त असलेला वेळ भागिले ऐकलेला वेळ असं गुणोत्तर काढतो. दोन्हींतून स्वतःच्या प्रसारणाचा वेळ वजा असतो. मग त्या चॅनलचा नॉईज फ्लोअर, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट, पट्ट्यातल्या सर्वांत कमी नॉईज फ्लोअरशी ताडून तोही हिशेबात घेतो. 2.4 मध्ये लगतच्या चॅनलची गर्दीही वजन लावून मिळवली जाते आणि 1, 6, 11 ला 0.8 चा झुकता गुणक मिळतो.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे अनेक चिप नॉईज फ्लोअरचा आकडा फारसा अचूकपणे सांगत नाहीत. दुसरं म्हणजे ही निवड रेडिओ सुरू होताना एकदाच होते. यानंतर शेजारी काहीही करोत, रेडिओ पुन्हा सुरू होईपर्यंत चॅनल तोच राहतो.

‘एकदाच’ यात मला फार वाईट वाटत नाही. अडचण आहे ती ‘सुरू होताना’ या भागात. वीज जाऊन परत आली की परिसरातले सगळे राउटर जवळजवळ एकाच क्षणी जागे होतात. प्रत्येक जण ऐकतो तेव्हा हवेत शांतता असते, कारण बाकीचेही ऐकतच असतात. सगळ्यांना सगळे चॅनल रिकामे दिसतात. एकाच बनावटीचे राउटर असतील तर बरोबरीत आलेल्या चॅनलमधून तेही बहुतेक एकच निवडतात. परिसरातली बरीच नेटवर्क एका चॅनलवर अडकलेली आणि बाकीचे चॅनल मोकळे असं दृश्य दिसलं, तर मी आधी मागच्या वीजखंडाची चौकशी करतो. यावर सोपा उपाय आहे: तुमचे ॲक्सेस पॉइंट वीज आल्यावर काही मिनिटं उशिरा आणि एकेक करून सुरू होऊ द्या. स्विचमधून त्यांना वीज मिळत असेल तर अनेक स्विचमध्ये पोर्टनुसार अशी वेळ लावता येते.

सतत ऐकत राहणाऱ्या, दिवसभर चॅनल बदलणाऱ्या यंत्रणेची गोष्ट वेगळी आहे आणि तुमची तक्रार तिच्याबद्दलच आहे. एकच रेडिओ असलेल्या ॲक्सेस पॉइंटला दुसरा चॅनल ऐकायचा तर आपला सोडून जावं लागतं. तेवढा वेळ त्याचे ग्राहक, म्हणजे त्याला जोडलेले लॅपटॉप-फोन, ताटकळतात. म्हणून तो क्षणभरच जातो. दहा मिनिटांत एका चॅनलवर 100 मिलिसेकंद ऐकलं, तर तो एकूण वेळेचा सहा हजारावा भाग आहे. वायफायची रहदारी उसळत्या स्वरूपाची असते: क्षणात भरपूर, मग शांत. इतक्या लहान नमुन्यावरून ‘तिकडे बरं आहे’ असा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे. याउलट स्वतःचा चॅनल तो अखंड ऐकतो, त्यामुळे तिथली प्रत्येक उसळी त्याच्या नोंदीत येते.

त्यातच आणखी एक दोष मिसळतो आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्यस्त वेळेतून स्वतःचं प्रसारण वजा केलं, तरी स्वतःच्याच ग्राहकांनी पाठवलेली पॅकेट ‘व्यस्त’मध्ये मोजली जातात. व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही दिशांना भरपूर रहदारी असते. म्हणजे आपल्याच माणसांचे कॉल वाढले की ॲक्सेस पॉइंटला वाटतं चॅनल गजबजला, आणि तो नेमका कॉल चालू असताना उठून दुसरीकडे जातो. लिनक्सच्या मोजणीत स्वतःच्या नेटवर्ककडून आलेल्या पॅकेटांचा वेळ वेगळा ठेवण्याची सोय आता आहे, पण सगळे ड्रायव्हर तो आकडा भरत नाहीत. तुमच्याकडे कॉल सुरू झाल्यावर चॅनल बदलतो असा ठसा असेल, तर लॉगमधल्या बदलांच्या वेळा आणि त्या वेळी जोडलेल्या ग्राहकांची रहदारी शेजारी ठेवून बघा. मला याच कारणाचा पहिला संशय येतो.

आणखी एक मर्यादा जागेची. ॲक्सेस पॉइंट छताला असतो आणि ग्राहक खिडकीजवळच्या टेबलावर. समोरच्या इमारतीतला ॲक्सेस पॉइंट त्या टेबलावर ठळक ऐकू येतो, पण छतावर पोहोचतच नाही. ॲक्सेस पॉइंटच्या हिशेबात चॅनल मोकळा असतो, तो पॅकेट पाठवतो आणि ग्राहकाकडे ते खराब होऊन पोहोचतं. 802.11के मानकात ग्राहकाला ‘तुला काय ऐकू येतं ते सांग’ असं विचारण्याची सोय 2008 पासून आहे. पण ग्राहकांचा प्रतिसाद असमान असतो आणि चॅनल निवडताना हा अहवाल विचारात घेणारी उत्पादनं थोडी आहेत. त्यामुळे लॅपटॉप हातात घेऊन टेबलाटेबलावर फिरणं आजही सर्वांत खात्रीचं आहे.

आता शेजाऱ्यांबद्दल. वेगवेगळ्या मालकांच्या ॲक्सेस पॉइंटनी चॅनलबाबत वाटाघाटी करावी अशी सर्वत्र रुळलेली पद्धत नाही. 802.11एफ नावाची शिफारस 2003 मध्ये आली होती, पण ती ग्राहक एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना लागणाऱ्या संवादापुरती होती आणि 2006 मध्ये मागे घेण्यात आली. अनोळखी शेजाऱ्याने ‘हा चॅनल सोड’ म्हटलं तर का ऐकावं, आणि तो खोडसाळ असेल तर काय, हा विश्वासाचा प्रश्न तांत्रिक प्रश्नापेक्षा अवघड आहे. जे उपलब्ध आहे ते एकतर्फी. काही ॲक्सेस पॉइंट बीकनमध्येच आपल्याकडे किती ग्राहक आहेत आणि चॅनल किती व्यस्त आहे हे सांगतात. व्यस्ततेचा आकडा 0 ते 255 या मापात असतो. स्कॅन करणाऱ्या चांगल्या ॲपमध्ये तो टक्केवारीत दिसतो. शेजाऱ्याच्या ॲक्सेस पॉइंटच्या जागी काय ऐकू येतं, हे तुम्हाला आयतं कळतं.

बोलणं नसताना सगळे आपापल्या परीने हालचाल करू लागले तर काय होतं? अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी एकाच बाजूला सरकावीत, तसं होतं. दोघे चॅनल 1 वर आहेत, दोघांनाही तो गजबजलेला वाटतो, दोघेही 6 वर जातात, तिथेही गर्दी, दोघेही 11 वर. यामागे एक सुंदर गणित आहे. समजा प्रत्येक जोडीतला त्रास दोन्ही बाजूंना सारखा आहे. एका वेळी एकच ॲक्सेस पॉइंट हलला आणि स्वतःचा त्रास कमी होत असेल तरच हलला, तर त्याच्या फायद्याइतकाच संपूर्ण परिसराचा एकूण त्रास (प्रत्येक जोडी एकदाच मोजून) घटतो. चॅनलच्या मांडण्या मर्यादित असल्यामुळे एकूण त्रास अनंत काळ घटू शकत नाही. म्हणून ही हालचाल कुठेतरी थांबतेच. थांबलेली मांडणी सर्वोत्तम असेलच असं नाही, पण ती स्थिर असते.

हे दोन अटींवर टिकतं. एका वेळी एकानेच हलायचं आणि त्रास दोन्हीकडे सारखा असायचा. एक ॲक्सेस पॉइंट पूर्ण शक्तीवर आणि शेजारी कमी शक्तीवर असेल, तर मोठ्याला लहान ऐकूच येत नाही. लहान पळत राहतो, मोठा जागचा हलत नाही. सगळ्यांच्या घड्याळात तोच पंधरा मिनिटांचा ठोका असेल तर पहिली अट मोडते. म्हणून बऱ्या यंत्रणेत तीन गोष्टी असाव्या लागतात. निर्णयाची वेळ यादृच्छिक असावी, म्हणजे सगळे एकदम उठणार नाहीत. नवा चॅनल थोडासा नाही, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चांगला असेल तरच हलावं. आणि एकदा हलल्यावर काही तास तरी पुन्हा हलू नये. तुमच्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता किंवा आक्रमकता अशा नावाने काही असेल, तर ते खालच्या टोकाला न्या. असं सेटिंग नसेल तर त्या उपकरणावर दिवसभराचा ऑटो मी चालू ठेवणार नाही.

एकाच मालकाचे अनेक ॲक्सेस पॉइंट एका कंट्रोलरखाली, म्हणजे त्या सगळ्यांना चालवणाऱ्या एका यंत्रणेखाली, असतील तर चित्र बरंच बदलतं. कोण कोणाला किती जोरात ऐकतं याचा पूर्ण तक्ता कंट्रोलरकडे असतो आणि तो सगळ्यांचे चॅनल एकत्र ठरवतो. गणिताच्या दृष्टीने हे आलेख रंगवण्याचं कोडं आहे: शेजारच्या बिंदूंना वेगळा रंग द्यायचा. रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये मांडलेल्या 21 कठीण कोड्यांच्या यादीत ते आहे, त्यामुळे मोठ्या जागेसाठी अचूक उत्तर शोधण्याऐवजी सगळे जण चांगलंसं उत्तर शोधतात. तुमच्या सहा ॲक्सेस पॉइंटसाठी मात्र हे कोडं कागदावर सुटतं. फक्त एक लक्षात घ्या: चार ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकत असतील आणि चॅनल तीनच असतील, तर निदान दोघांना एक चॅनल वाटून घ्यावाच लागेल. जगातला कोणताही अल्गोरिदम हे टाळू शकत नाही. त्याच्या हातात एवढंच आहे की एकमेकांना सर्वांत कमी ऐकणारी जोडी त्यासाठी निवडायची.

कंट्रोलर बनवणाऱ्यांचे विचारही वेगवेगळे आहेत. सिस्कोच्या कंट्रोलरमध्ये चॅनल वाटपाची फेरी डीफॉल्टने दर 10 मिनिटांनी होते. ती 24 तासांपर्यंत लांबवता येते. अरुबाच्या एअरमॅचमध्ये दिवसभराची मोजणी गोळा होते आणि नवी मांडणी दिवसातून एकदा, डीफॉल्टने पहाटे 5 च्या सुमारास लागू होते. रकसच्या चॅनलफ्लायचा भर चॅनलची प्रत्यक्ष क्षमता अजमावण्यावर आहे. माझा कल एअरमॅचच्या विचाराकडे आहे, कारण त्यात मोजण्याची वेळ आणि हलण्याची वेळ वेगळी ठेवली आहे. रात्री तीनला मोजून रात्री तीनलाच चॅनल बदलणारी यंत्रणा ग्राहकांना त्रास देत नाही हे खरं, पण ती रिकाम्या हवेचं मोजमाप घेऊन गजबजलेल्या दिवसाचा निर्णय घेते. तुमच्याकडे कंट्रोलर असेल आणि फेरीची वेळ लावता येत असेल, तर हे तपासून घ्या की तो मागच्या दिवसभराची नोंद वापरतो की फक्त त्या क्षणाची.

चॅनल बदलताना कॉल का तुटतो तेही सांगतो. 802.11एच या 2003 च्या मानकातून आलेल्या सोयीनुसार ॲक्सेस पॉइंट बीकनमध्ये आगाऊ घोषणा करतो: इतक्या बीकननंतर मी अमुक चॅनलवर जात आहे. ग्राहकाने ती पाळली तर खंड इतका छोटा असतो की कॉलमधल्या माणसाला जाणवतही नाही. पण सगळी ग्राहक उपकरणं ती नीट पाळत नाहीत. झोपेत असलेल्या उपकरणाकडून घोषणा हुकते, आणि छोट्या सेन्सर किंवा प्रिंटरमधल्या स्वस्त चिप जोडणी सोडून पुन्हा शोध सुरू करतात. शोध आणि जोडणी पूर्ण नव्याने झाली तर काही सेकंद जातात. म्हणून ग्राहक जोडलेले असताना चॅनल बदलायला एकच कारण मला बिनशर्त मान्य आहे आणि ते म्हणजे रडार.

5 गिगाहर्ट्झमधल्या 52 ते 64 आणि 100 ते 144 या चॅनलवर रडारचा पहिला हक्क आहे. तिथे सुरू होण्याआधी ॲक्सेस पॉइंटला 60 सेकंद नुसतं ऐकावं लागतं. युरोपीय नियमांत 5600 ते 5650 मेगाहर्ट्झ या हवामान रडारच्या पट्ट्यासाठी हा काळ 10 मिनिटांचा आहे. रडारचा ठोका ऐकू आला की 10 सेकंदांत चॅनल सोडायचा आणि 30 मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. पुष्कळ जण या भानगडीत नको म्हणून हे चॅनल बंदच ठेवतात. मी तसं करत नाही. जिथे पूर्ण पट्टा खुला आहे तिथे 20 मेगाहर्ट्झचे 25 चॅनल मिळतात आणि रडारचे वगळले तर उरतात 9. आधी एक-दोन आठवडे रडारचे चॅनल वापरून लॉग बघा. ठोके मिळालेच नाहीत, किंवा दोन-तीन ठरावीक चॅनलवरच मिळाले, तर तेवढे वगळून बाकीचे ठेवा. विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्र जवळ असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागेल.

आणि आता रुंदी. त्याच पूर्ण पट्ट्यात 40 मेगाहर्ट्झचे 12 चॅनल बसतात, 80 चे 6 आणि 160 चे फक्त 2. रडारचे चॅनल सोडून 80 वापरायचं ठरवलं तर हातात दोनच राहतात. म्हणजे 2.4 पेक्षाही वाईट अवस्था. बहुतेक उपकरणं कारखान्यातून 80 वर येतात, कारण एका लॅपटॉपवर वेग तपासला की आकडा मोठा दिसतो. सहा ॲक्सेस पॉइंट दोन चॅनलमध्ये कोंबले की ऑटो इकडून तिकडे उड्या मारत राहतो आणि दोष अल्गोरिदमला दिला जातो. शिवाय रुंदी दुप्पट केली की तेवढाच सिग्नल दुप्पट पट्ट्यात पसरतो आणि सिग्नल-नॉईज गुणोत्तर 3 डेसिबलने घटतं.

रुंद चॅनलचा आणखी एक छुपा तोटा आहे. रुंद चॅनलमधल्या एका 20 मेगाहर्ट्झच्या भागाला प्रायमरी म्हणतात. तिथे उपकरण उणे 82 पर्यंतचं ऐकून थांबतं. उरलेल्या भागांवर त्याचं ऐकणं बोथट असतं, 802.11एसी मध्ये उणे 72 च्या आसपास. तुमचा प्रायमरी शेजाऱ्याच्या दुय्यम भागावर पडला तर तो तुम्हाला पुरतं ऐकत नाही आणि तुमच्या बोलण्यावर बोलतो. शेजाऱ्याशी पट्टा वाटून घेणं टळतच नसेल, तर दोघांचा प्रायमरी एकच ठेवा. बरेच ऑटो अल्गोरिदम याकडे पाहत नाहीत. ही एक गोष्ट हाताने लावण्यासारखी आहे. 6 गिगाहर्ट्झ चालणारी उपकरणं तुमच्याकडे असतील तर रुंदीची ही ओढाताण तिथे पुष्कळ सैल होते, पण तो पट्टा न वापरू शकणारे ग्राहक 5 वरच राहतात, म्हणून इथलं काम सुटत नाही.

तुमच्या जागेसाठी मी पुढचा क्रम धरेन. आधी 2.4: दोन मजल्यांचा आडवा आराखडा काढा, एकमेकांच्या बरोबर वर-खाली येणारे ॲक्सेस पॉइंट शोधा, आणि प्रत्येक अशा जोडीतला एक 2.4 रेडिओ बंद करता येतो का बघा. 2.4 चा सिग्नल स्लॅबमधूनही बराच आरपार जातो, त्यामुळे सहाही रेडिओंची गरज क्वचितच असते. उरलेल्यांना 1, 6, 11 हाताने द्या, रुंदी 20, शक्ती 5 च्या रेडिओपेक्षा कमी. या पट्ट्यात 40 ची रुंदी कोणत्याही सबबीवर नको. 5 गिगाहर्ट्झवर रडारचे चॅनल चालत असतील तर 40 ची रुंदी पुरेशी मोकळी आहे. ते चालत नसतील तर 40 चे चारच चॅनल उरतात, तेव्हा 20 वर या. ऑटोच्या परवानगीच्या यादीतून लॉगमध्ये रडार दिसलेले चॅनल काढून टाका. मग सगळे ॲक्सेस पॉइंट चालू असताना, कामाच्या ऐन गर्दीच्या वेळी, एकेक करून ऑटोची मोजणी करवा आणि आलेली मांडणी गोठवा. कंट्रोलर असेल तर गोठवण्याऐवजी दिवसातून एकदा, पहाटेची फेरी चालेल.

एका घरात एकच राउटर असेल तर एवढं काही करू नका. सुरू होताना निवडणारा ऑटो तिथे पुरतो. शेजारी दर काही महिन्यांनी बदलतात, आणि हाताने लावून विसरलेला चॅनल कालांतराने ऑटोपेक्षा वाईट ठरतो.

बदलाआधी आणि नंतर दोन आकडे टिपून ठेवा: प्रत्येक रेडिओवर चॅनल किती टक्के व्यस्त आहे आणि किती टक्के पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात. कामाच्या वेळेत व्यस्तता सतत 50 टक्क्यांवर असेल तर कॉलना त्रास होणार, आणि पुन्हा पाठवणी 20 टक्क्यांवर गेली तर काहीतरी बिघडलेलं आहे, हा माझा ढोबळ मापदंड. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. व्यस्तता जास्त पण पुन्हा पाठवणी कमी असेल, तर सगळे एकमेकांना नीट ऐकत आहेत, फक्त वाटेकरी जास्त झालेत: रुंदी अजून कमी करा किंवा शक्ती उतरवा. व्यस्तता कमी आणि पुन्हा पाठवणी जास्त असेल, तर कोणीतरी न ऐकता बोलत आहे. अर्धवट चढलेला चॅनल, न जुळणारा प्रायमरी, ग्राहकालाच ऐकू येणारा शेजारी, किंवा वायफाय नसलेलं एखादं उपकरण, या क्रमाने शोधा. मायक्रोवेव्ह ओव्हन 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो, त्यामुळे 2.4 मध्ये हा प्रकार जेवणाच्या वेळीच दिसत असेल तर शोध तिथून सुरू करा. आणि दोन्ही आकडे वाईट असतील तर चॅनलला हात लावण्याआधी प्रसारित नावं आणि जुने दर तपासा, कारण बीकनचा भार उतरल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही मोजणीचा अर्थ लागत नाही.